गैरहजर कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसई परिसरातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या पालकसभेस उपस्थित राहण्याचा योग आला. आम्ही काहीजण धर्मग्रामाच्या शिक्षण-साहाय्य समितीचे काम पाहतो. समितीने त्या संस्थेतील आठ-दहा मुलांचे शुल्क भरले असल्याने आम्हांस अगत्याचे निमंत्रण होते. सभागृहात शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि पालक मोजून चौदा आले होते. संस्थाप्रमुखांनी हजेरीपट समोर धरला. परीक्षेस बसावयाचे तर ऐंशी टक्के उपस्थिती आवश्यक असते, आणि येथे निम्म्याहून अधिक मुले साठ टक्क्यांच्याही खाली होती. 'मुलांना शिकायचेच नाही, सारा दिवस मोबाईलमध्ये डोके,' असा त्यांचा निष्कर्ष होता. आम्ही माना डोलावल्या. आमच्यातील एकाने तर उभे राहून तरुण पिढीच्या बेशिस्तीवर दहा मिनिटे प्रवचनही दिले. त्याच आठवड्यात समितीने एकमताने ठराव केला, की ज्याची उपस्थिती अपुरी त्याचे साहाय्य बंद.

आपण काही कर्तव्य केले असे समाधान त्या रात्री आम्हांस वाटले, हे कबूल करावयास हवे. ते फार दिवस टिकले नाही. पंधरवड्यानंतर आमच्यातील एकाची स्कूटर बंद पडली आणि ती ढकलत आम्ही रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गेलो. तेथे काळ्या झालेल्या हातांनी इंजिन उघडून बसलेला मुलगा आमच्याच यादीतला होता. मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाचा, उपस्थिती चाळीस टक्क्यांची, साहाय्य बंद झालेल्यांत तिसरा. आम्हांला पाहून तो उठून उभा राहिला. रागावण्याच्या तयारीनेच आम्ही विचारले, 'येथे तरी रोज येतोस का?' तो म्हणाला, 'अंकल, वर्षात दोनदाच सुट्टी घेतलीय. एकदा आजी वारली तेव्हा आणि एकदा ताप होता म्हणून.' मग किंचित थांबून म्हणाला, 'तिकडचं इंजिन रंग देऊन स्टँडवर ठेवलंय. ते बघायचं असतं. इथलं उघडता येतं.'

आमचे प्रवचन तेथेच संपले. जो मुलगा सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत वर्षभर न चुकता एका ठिकाणी येतो, त्याला बेशिस्त वा आळशी कोणत्या तोंडाने म्हणावे? एका ठिकाणी तो रोज हजर आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्याहून अधिक दिवस गैरहजर असेल, तर कारण त्याच्या स्वभावात न शोधता त्या दुसऱ्या ठिकाणी शोधले पाहिजे. हाच विषय आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत, आणि तो मांडताना आमच्या स्वतःच्या गैरहजेरीचाही हिशेब देणार आहोत.

औद्योगिक प्रशिक्षणाच्या संदर्भात गैरहजेरी दोन प्रकारची असते. पहिली त्या मुलाची, जो या दारात कधी येतच नाही. १९५० साली केंद्र सरकारने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि त्यातून या संस्थांचे जाळे उभे राहिले. आज देशात अशा चौदा हजारांहून अधिक संस्था असून त्यांपैकी सुमारे चार पंचमांश खाजगी आहेत. महाराष्ट्रात शासकीय संस्थाच चारशेहून अधिक आहेत. तरीही निती आयोगाच्या २०२३च्या अहवालाने दाखविल्याप्रमाणे देशभरातील मंजूर जागांपैकी जवळजवळ निम्म्या रिकाम्या राहत होत्या. कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून कारखानदार रडतात, काम मिळत नाही म्हणून तरुण रडतात, आणि दोघांची गाठ जेथे पडावयाची तेथील निम्मी आसने ओस, असा हा प्रकार आहे.

दुसरी गैरहजेरी त्या मुलाची, जो नाव नोंदवितो आणि येत नाही. अकरावीला हवे तेथे मिळाले नाही म्हणून, घरी रिकामा दिसू नये म्हणून, लोकलच्या सवलतीच्या पासासाठी, शिष्यवृत्तीसाठी तो प्रवेश घेतो. जागा भरली म्हणून संस्था खूश असते आणि आकडा वाढला म्हणून खातेही खूश असते. कार्यशाळेतील यंत्रापुढे मात्र कोणी नसते. सरकारच्या साऱ्या जाहिराती, मेळावे आणि फलक पहिल्या गैरहजेरीकडे पाहतात. दुसरीकडे पाहण्याची सवड कोणास नाही, कारण तीकडे पाहावयाचे तर कार्यशाळेच्या आत शिरावे लागते.

या बाबतीत धोरणकर्त्यांची स्वतःची उपस्थितीही तपासून पाहण्यासारखी आहे. कोठारी आयोगाने १९६६ सालीच शिक्षणाला कार्यानुभवाची जोड मागितली होती. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील दहा टक्के विद्यार्थी १९९०पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५पर्यंत व्यावसायिक शिक्षणाकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती वर्षे आली आणि गेली. २०२०च्या धोरणानेच बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन नमूद केले, की भारतातील १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांना रीतसर व्यावसायिक शिक्षण मिळाले होते. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. ही कबुली दिल्यावर त्याच धोरणाने २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा अनुभव देण्याचे नवे उद्दिष्ट लिहिले. २०२५ही सरले. मुलाची उपस्थिती एक टक्क्याने कमी भरली तर त्याची परीक्षा हुकते. चाळीस वर्षे उद्दिष्टे चुकविणाऱ्यांना मात्र पुढच्या वर्गात घातले जाते.

मुलगा का येत नाही, याचे पहिले कारण त्याच्या घरातील भाकरीच्या डब्यात आहे. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथे लहान कारखान्यांच्या शेडच्या शेड उभ्या आहेत. तेथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मदतनीस म्हणून रोजचे चार-पाचशे रुपये मिळतात. प्रशिक्षणाची दोन वर्षे त्याने घरी काही आणावयाचे नाही, उलट घरातून भाडे व डबा न्यावयाचा, अशी आपली अपेक्षा असते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ साली झाला. त्याच्या २०१९च्या सुधारित नियमांनुसार प्रशिक्षण पूर्ण केलेल्या शिकाऊ उमेदवारास दरमहा किमान सात हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण ते प्रमाणपत्र हाती पडल्यानंतरचे. जो बाप दोन वर्षे थांबू शकतो त्याच्याच मुलाला त्या सात हजारांचे दार उघडते. ज्याच्या घरी आई धुणीभांडी करते आणि बाप अंथरुणाला खिळला आहे, त्याने नदीच्या ऐलतीरावरच बसून राहावयाचे.

दुसरी गोष्ट पंचांगाची. प्रशिक्षणाचे वर्ष ऑगस्टात सुरू होते. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून ऑगस्टातच होड्या समुद्रात जातात. पाचूबंदरच्या, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला मुलगा पहिल्याच महिन्यात वर्गात दिसला नाही, तर तो कोठे असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. त्या घरचा मुलगा नोव्हेंबरात हजेरीपटावरून पुसला जातो आणि शेरा पडतो, 'अनियमित'. त्याच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहाची एक खाट आणि दोन वेळचे जेवण असते, तर तो शेरा पडला नसता. हजेरीपट हे सारे सांगत असतो. कोणत्या महिन्यात कोणत्या गावची मुले गळतात, हे त्या वहीत स्वच्छ लिहिलेले आहे. ती वही मुलाविरुद्धचा पुरावा म्हणून उघडली जाते. त्याची अडचण जाणून घेण्यासाठी तिचे पान उलटलेले आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

आता कार्यशाळेच्या आत पाहू. जोडारीच्या, म्हणजे आपल्या बोलीतल्या फिटरच्या, पहिल्या महिन्यांत मुलाने लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरून कानशीने घासावयाचा आणि गुण्या लावून काटकोन तपासावयाचा असतो. ही उत्तम शिकवण आहे. हाताला माप कळते आणि डोळ्याला केसाएवढा फरक दिसू लागतो. परंतु त्यासाठी शेजारी उभा राहून 'येथे दाब कमी कर, कोपर सैल ठेव' असे सांगणारा शिल्पनिदेशक हवा. पदे रिक्त, असलेले निदेशक तासिका तत्त्वावर, त्यांचे मानधन महिनोन्महिने थकलेले, आणि लोखंड खरेदीची फाईल कोणत्या तरी टेबलावर पडलेली, अशी अवस्था असली म्हणजे तोच मुलगा तोच तुकडा तीन महिने घासत राहतो. चौथ्या महिन्यात तो येत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर दुसऱ्याच महिन्यात बंद केले असते. संधात्याच्या वर्गात वेल्डिंगची कांडी नाही म्हणून फळ्यावर ठिणगीचे चित्र काढून शिकविले जाते, असे आमच्या समितीतील मुलांनी आम्हांस सांगितले. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल असे समजून आम्ही जाऊन पाहिले. अतिशयोक्ती नव्हती.

येथे कोणी म्हणेल, मग गॅरेजच बरे, संस्था हवी कशाला? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. उस्तादाच्या हाताखालचा मुलगा हाताने पुष्कळ शिकतो, पण बिघाड का झाला हे त्याला कोणी सांगत नाही, कारण उस्तादालाही ते सांगता येतेच असे नाही. त्याला आरेखन वाचता येत नाही. बोट कापले तर विमा नाही, प्रमाणपत्र नाही, उद्या विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्ताभर झाल्या तर त्याच्या विद्येला बाजार नाही. कायम कामगार म्हणून कारखान्यात लागणे वा आखातात बऱ्या वेतनावर जाणे त्याला दुरापास्त होते. म्हणूनच संस्थेतील त्याची रिकामी जागा आम्हांस अस्वस्थ करते. जेथे त्याला पूर्ण विद्या मिळावी तेथे ती त्याला मिळत नाही, आणि जेथे अर्धी मिळते तेथे तो आयुष्यभर अर्धाच राहतो.

ऐंशी टक्क्यांची अट सैल करा, असेही आम्ही म्हणत नाही. यंत्रावर उभे राहणाऱ्याला वेळेची शिस्त हवीच. तिच्यावाचून त्याचे आणि शेजाऱ्याचे बोट धोक्यात येते. पण अट दुहेरी असावी. मुलाने ऐंशी दिवस यावे, आणि त्या ऐंशी दिवसांत निदेशक, वीज, कच्चा माल आणि चालू यंत्र यांनीही यावे. जर्मनीचे गोडवे आपण नेहमी गातो. तेथील शिकाऊ तरुण आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत घालवितो, आणि पहिल्या महिन्यापासून त्याला वेतन मिळते, ही त्या गोडव्यांतली मुख्य ओळ गाताना आपला आवाज का बसतो?

ही दुरवस्था आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुल्यांनी, प्रचलित शिक्षण कारकून आणि मास्तर घडविण्यापुरते आहे अशी टीका करून, शेतीचे प्राथमिक ज्ञान शाळेत द्यावे असे सुचविले होते. १८९० साली महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी बडोद्यास कलाभवन उभारले आणि देशी भाषांतून तंत्रविद्या शिकविण्याचा आग्रह धरला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया मानावा, असा विचार मांडला. हे सारे आमच्याच भूमीवर घडले, आणि त्या प्रत्येकाचे आम्ही स्मारक केले. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेली तंत्रशिक्षण संस्था गिरण्यांना लागणारे कुशल हात घडवी. आज ती नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. तिच्या प्रगतीचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु आमच्याकडे हाताच्या विद्येला प्रतिष्ठा मिळते ती पदवीची पायरी चढल्यानंतरच, हेही त्यातून दिसते. खालची पायरी नेहमी दुसऱ्याच्या मुलासाठी असते.

आपल्या श्रद्धापरंपरेतील एक उदाहरण येथे आठवते. संत जॉन बॉस्को यांच्या काळी, १८५०च्या आसपास, इटलीतील तुरीन शहरात खेड्यांतून आलेली पोरकी मुले रस्तोरस्ती भटकत असत. त्यांनी त्या मुलांना प्रथम जेवण व निवारा दिला. १८५१-५२च्या सुमारास त्यांनी मालक, मुलगा आणि पालक यांच्यात लेखी करार करण्याची पद्धत सुरू केली. मालकाने मुलाला धंदाच शिकवावा, घरगड्यासारखे राबवू नये, मारू नये, सणाला सुट्टी द्यावी, ठरलेले वेतन द्यावे, अशी बंधने त्यांत असत. मुलाकडूनही इमानाची व आज्ञापालनाची हमी घेतलेली असे. बाहेरच्या कारखान्यांत मुलांचे हाल होतात असे दिसल्यावर १८५३पासून त्यांनी स्वतःच्या आवारातच चांभारकाम व शिवणकाम, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई व लोहारकाम यांचे वर्ग उघडले. मुलाने काय द्यावयाचे हे सांगण्यापूर्वी मुलाला काय द्यावयाचे हे त्या माणसाने लिहून ठेवले होते. आमच्या समितीच्या ठरावात नेमका हाच पहिला भाग नव्हता.

आता आमच्या समाजाविषयी. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी एक मे हा दिवस श्रमिक संत योसेफाच्या सणासाठी मुक्रर केला. आमच्या चर्चमधून त्या संताच्या हाती करवत वा गुण्या असतो, आणि त्यापुढे आम्ही मेणबत्त्या लावतो. पण मुलीसाठी स्थळ पाहताना मुलगा सुतार आहे असे कळले की आम्ही दुसऱ्या स्थळाची चौकशी करतो. वार्षिक गुणगौरव समारंभात दहावी-बारावीत नव्वद टक्के मिळविणाऱ्यांना शाल व श्रीफळ देतो, पदवीधरांची नावे ध्वनिक्षेपकावरून वाचतो. संधात्याचे वा वीजतंत्र्याचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या एकाही मुलाला आमच्या व्यासपीठावर बोलाविल्याचे, जुनी इतिवृत्ते चाळूनही, आम्हांस आढळले नाही. हात मळविणारा तो हलका, ही जातिव्यवस्थेची शिकवण आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन टाकली असे आपण मानतो. ती गेली नाही. तिने फक्त पदवीचा झगा घातला आहे. 'अभ्यास केला नाहीस तर आयटीआयला घालीन' ही धमकी ज्या घरांत दिली जाते, त्या घरांनी नंतर त्याच दाराशी मुलगा उत्साहाने जावा अशी अपेक्षा करू नये. शिक्षा म्हणून पाठविलेला माणूस संधी मिळताच पळतो.

मुलींच्या बाबतीत तर आम्ही दार अर्धेच उघडतो. शिवण, केशभूषा, संगणक येथवर त्यांना जाऊ देतो. एखादीने कातारीकाम किंवा वीजतंत्री हा विषय घ्यावयाचे म्हटले, तर 'लग्नानंतर काय करणार?' असा प्रश्न घरातूनच येतो. त्या प्रश्नावर मात करून ती गेलीच, तर कार्यशाळेच्या आवारात स्वच्छ स्वच्छतागृह नसते. मग महिन्यातील काही दिवस ती येत नाही. तेही गैरहजेरीतच मोजले जातात.

मे २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार शासकीय प्रशिक्षण संस्थांच्या सुधारणेसाठी साठ हजार कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. तिचे आम्ही स्वागत करतो. नवी यंत्रे यावीत, इमारती व्हाव्यात. मात्र यंत्र आले आणि ते शिकविणारा आला नाही, किंवा शिकविणारा आला आणि शिकणारा भट्टीवर गेला, तर त्या यंत्रावर धूळच बसेल. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक संस्थेने मुलांच्या उपस्थितीबरोबरच निदेशकांची उपस्थिती, वापरलेला कच्चा माल आणि यंत्र चालू असल्याचे तास दरमहा दर्शनी फलकावर लावावेत. विद्यावेतन प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यापासून मिळावे, मग ते थोडे का असेना. कोळीवाड्यांतील आणि स्थलांतरित घरांतील मुलांसाठी वर्षाचे वेळापत्रक हंगाम पाहून आखावे, वसतिगृहे वाढवावीत. आणि तीन दिवस लागोपाठ जो येत नाही त्याच्या घरी चौथ्या दिवशी कोणी तरी जावे.

शेवटच्या मागणीसाठी सरकारकडे जाण्याची गरज नाही. ते आपण करू शकतो. धर्मग्रामात मंडळे आहेत, सायंकाळी मोकळे असणारे निवृत्त फिटर आणि रेल्वेतले जुने मिस्त्री आहेत, ज्यांच्या हातची कला आपण समारंभांत कधी विचारली नाही. त्यांनी एकेका मुलाची पाठराखण करावी. सभागृहांचा उपयोग लग्नाच्या जेवणावळींव्यतिरिक्त यासाठीही व्हावा.

आमच्या समितीने तो ठराव मागे घेतला आहे. आम्ही पुन्हा त्या गॅरेजात गेलो, त्या मुलाला शुल्काचे, भाड्याचे आणि डब्याचे आश्वासन दिले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळून गेली होती, आणि दरम्यान धाकट्या बहिणीच्या शाळेचा खर्च त्याने आपल्या अंगावर घेतला होता. 'आता नाही जमणार, अंकल,' एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा इंजिनावर वाकला. त्याच्यापुरता आमचा शहाणपणा उशिरा आला. यादीत अजून सात नावे आहेत. वाचकांच्या धर्मग्रामांतही अशा याद्या असतील. पुढच्या ऑगस्टात नवे हजेरीपट उघडले जातील, तेव्हा पहिल्या आठवड्यात कोण आले नाही याची चौकशी आपण करणार आहोत की नाही, एवढेच आम्ही विचारीत आहोत.